चार बाजूंनी, आणि एक लांबून

तुमचे नळ अखेर गेले.

स्वयंपाकघरातला गळका नळ, गच्चीवरच्या टाकीचा नळ, आणि मालवीय नगरच्या या घरात राहायला आलो तेव्हा मागच्या अंगणात होता तो पितळी नळ. मी त्यांचे सगळे फोटो क्लाउडवरून पुसले आणि आज सकाळी उघडून पाहिलं, तर एकही परत आलेला नाही. ही बातमी सर्वांत आधी तुम्हाला द्यायची म्हणून लिहायला बसले. तुमच्यानंतर हे आपली नातवंडं, रेवा आणि ईशान, वाचतील, तिकडे कॅनडात. रेवा पाचवीपर्यंत इथल्या शाळेत हिंदी शिकली, त्यामुळे अक्षरं तिला येतात. ईशानला ती वाचून दाखवेल. म्हणून भाषा सोपी ठेवते आहे आणि तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही सांगते आहे. मध्ये बोलू नका.

मुलांनो, तुमचे आजोबा विमा कंपनीत होते. आग लागलेलं गोदाम, उलटलेला ट्रक, पाण्यात गेलेलं दुकान, जिथे नुकसान होईल तिथे जाऊन पाहणी करायची, हे त्यांचं काम. प्रत्येक वस्तूचे चार बाजूंनी चार फोटो काढायचे आणि पाचवा लांबून, जागा ओळखू यावी म्हणून. आमेरला एका व्यापाऱ्याने क्लेम केला होता की दुकानातल्या सगळ्या रजया जळाल्या. आजोबांनी जळक्या दुकानाचे पाच फोटो काढले. लांबून काढलेल्या फोटोत मागच्या गच्चीवर रजया उन्हात घातलेल्या दिसल्या, नव्याकोऱ्या, दुकानाच्या चिठ्ठ्यांसकट. त्या दिवसापासून पाचव्या फोटोवर त्यांचा देवासारखा विश्वास बसला.

नोकरीत असल्यापासून घरातही तुमचं हेच, आणि तुम्ही निवृत्त झालात तरी सवय निवृत्त झाली नाही. नवा फ्रिज आला, पाच फोटो. प्लंबर येऊन गेला, पाच फोटो. बाजारातून वांगी आणली, पाच फोटो. रेवाच्या वाढदिवसाचा केक तुम्ही चारी बाजूंनी टिपून होईपर्यंत मेणबत्त्या वितळल्या आणि ती रडायला लागली, त्याचेही पाच फोटो आहेत.

"पाच कशाला? एक ठेवा," मी म्हणायचे.

"उद्या क्लेम आला तर?"

"वांग्याचा क्लेम कोण करणार आहे?"

"तुला नाही कळायचं. तुमच्या लायब्ररीत काही बुडत नाही, जळत नाही."

माझी नोकरी इंग्रजी शाळेच्या ग्रंथालयात झाली. लोकांना वाटतं ग्रंथपाल पुस्तकं जपतो. खरं काम काढून टाकण्याचं असतं. फाटलेली, जुनी झालेली, एकाच पुस्तकाच्या चार प्रती असलेली अशी सगळी दरवर्षी उन्हाळ्यात काढायची, तेव्हा कुठे नव्या पुस्तकाला जागा होते. तुम्ही नोकरीभर गेलेल्या वस्तूंचे पुरावे गोळा केलेत आणि मी नोकरीभर कपाटं रिकामी केली. दोघांचा संसार एका घरात होता आणि पुढे एका क्लाउडमध्ये. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरची भाड्याची खोली, असं तुम्हीच मला समजावलं होतं. खोली तुमच्या नावावर. माझा टॅबलेट आणि तुमचा फोन दोन्ही तिथेच सामान टाकायचे, आणि आपल्या मुलाकडून, निखिलकडून, नातवंडांचे फोटोही तिथेच यायचे.

आपलं शेवटचं भांडण याच खोलीवरून झालं. तुम्ही इस्पितळात, नाकाला नळी. मी म्हटलं, जागा भरली आहे, ईशानच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ येऊ शकत नाही, थोडे नळ पुसते. तुम्ही हाताने नाही म्हणालात. मग नळी बाजूला करून म्हणालात, "घरी आलो की मी बघतो." सिस्टरने मला रागावून बाहेर काढलं. तुम्ही घरी आला नाहीत आणि कोण बरोबर ते ठरायचं राहून गेलं.

तेरावं झालं. निखिल, सूनबाई आणि मुलं परत गेली. जाताना रेवाने दारात मिठी मारली आणि विचारलं, "आजी, आजोबांची उत्तरं कुठे आहेत?"

मला काही कळलं नाही. मग तिने सांगितलं. गेल्या वर्षभर ती आणि ईशान तुम्हाला प्रश्न पाठवत होते. सगळ्यात भीती कधी वाटली? लहानपणी सांगलीला पूर आला तेव्हा काय केलं? सगळ्यात छान जेवण कुठे जेवलात? तुम्ही फोन खिडकीत उभा करून उत्तरं रेकॉर्ड करत होता. मी समजत होते तुम्ही शेजारच्या माथुरजींशी बोलताय. पहिली काही उत्तरं मुलांना मिळाली. मग दम लागायला लागल्यावर तुम्ही जी उत्तरं दिलीत, सावकाश, थांबत थांबत, ती कुणाला मिळालीच नाहीत. खोली भरली होती. ती सगळी तुमच्या फोनवर अडकून होती आणि प्रत्येकासमोर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अपलोडच्या प्रतीक्षेत.

आणि फोन तुमचा, म्हणजे न्हाणीघरात पडून फुटलेला. चार्ज व्हायचा, पण केबल लावली तर संगणकाला ओळख दाखवायचा नाही. मनात येईल तेव्हा बंद पडायचा. पाठ फुगायला लागली होती. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने तो हातात घेतला, उलटा केला आणि काउंटरवर अगदी हळू ठेवला. "आंटीजी, बॅटरी फूल रही है। खोल दूँगा, पर अंदर का माल बचेगा कि नहीं, गारंटी नहीं।" मी फोन पर्समध्ये घालून परत आणला. रिक्षात पर्स मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं मूल घेऊन बसावं तशी.

मेसेजवरून एकेक उत्तर पाठवून पाहिलं. लांबलचक व्हिडिओ. अर्ध्यात फोन मान टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. क्लाउडचं तसं नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. म्हणजे रस्ता एकच, खोलीत जागा करायची. निखिल म्हणाला, आई, अजून जागा विकत घे. त्यासाठी तुमच्या कार्डावरून खात्री करून द्यावी लागत होती, आणि कार्ड मी पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन बंद करून आले होते. अशी कामं रेंगाळलेली मला आवडत नाहीत. आणि खरं सांगू? वांग्यांना राहायला मी भाडं भरणार नव्हते.

मग मी टॅबलेट घेऊन बसले आणि नळ पुसले. सगळे. मोठ्या आनंदाने.

दुसऱ्या दिवशी ते जागेवर होते.

मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा पुसले. रेवाला फोन लावला.

"आजी, ट्रॅश रिकामी केलीस का? मतलब, डिलीट केलं तरी ते तिथे जाऊन बसतात."

केली. खोलीत थोडी जागा झाली, तुमचं एक उत्तर वर चढायला लागलं, आणि संध्याकाळी चहा घेऊन पाहते तर नळ परत, फ्रिज परत, केक परत, वांगी परत. खोली काठोकाठ. उत्तर अर्ध्यात थांबलेलं.

असं पुष्कळ दिवस चाललं. सकाळी मी पुसायचे, संध्याकाळी ते यायचे. एकदा तर मी रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मेल्यावर तरी माझं ऐका." कामवाल्या बाई भांडी घासता घासता थांबल्या आणि दारात येऊन बघून गेल्या. तुमचा राग आला होता, आणि किती दिवसांनी आला होता. रडण्यापेक्षा तो बरा वाटला हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तुम्ही कधी कुठल्या यंत्राची माहितीपुस्तिका उघडली नाहीत. मी मदतीची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, नाशिकच्या शाळेत नन्सनी शिकवलं तशी, पेन्सिल हातात घेऊन. फार खाली, जिथे कुणी पोचत नसेल, तिथे एक ओळ होती. पुसलेली फाइल परत येत असेल, तर ती दुसरं कुठलं तरी उपकरण परत पाठवत आहे. खात्याला जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा.

यादीत माझा टॅबलेट होता. त्याखाली दोन नावं, दोन्ही 'अनोळखी उपकरण'. एकासमोर लिहिलं होतं, शेवटचा वापर आज. दुसऱ्यासमोरही, शेवटचा वापर आज.

एक तुमचा फोन, तो माझ्यासमोर चार्जिंगला होता. मग दुसरं कोण? तुम्हाला जाऊन महिना होत आला होता आणि तुमच्या नावाने कुणीतरी आज काम करून गेलं होतं. निखिलला सांगितलं तर तो ओरडलाच, "आई, हॅक झालंय. आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदल. दोघांनाही बाहेर काढ."

"आणि फोनही बाहेर गेला तर? त्यात परत पासवर्ड घालेपर्यंत तो चालू राहील याची तू हमी देतोस?"

मागून रेवाचा आवाज आला, "बाबा, आजी बरोबर आहे. अंदाजाने काही दाबायचं नाही."

तेव्हा मी ग्रंथपालाचं काम केलं. पुस्तक नाहीसं होतं तेव्हा ग्रंथपाल कपाटं उपसत नाही, ते कोणकोणत्या वेळी जागेवर होतं ते आठवतो. नळ कधी परत यायचे? चहाच्या वेळी. रोज? रोज नाही. मध्ये काही दिवस आलेच नव्हते, मी उगाच खूश झाले होते. त्या दिवसांत वेगळं काय होतं? घर इतकं शांत का होतं? शेजारून रेडिओ ऐकू येत नव्हता. माथुरजी भाचीच्या लग्नाला बस्सीला गेले होते.

आणि मला तुमचा जुना लॅपटॉप आठवला. टॅबलेट घेतला तेव्हा तो तुम्ही माथुरजींना देऊन टाकलात. मी विचारलं होतं, आतलं सगळं पुसून दिलंत ना? तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हं" म्हणालात. चाळीस वर्षांहून जास्त संसार केला मी. त्या "हं"चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. तुम्ही काही पुसून द्याल? तुम्ही?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी डब्यात चकल्या घेतल्या आणि त्यांच्याकडे गेले. माथुरजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर तुमचा लॅपटॉप, पडद्यावर तुमच्या दोघांच्या एका बुद्धिबळाच्या डावाचे फोटो. चार बाजूंनी.

"आइए भाभीजी, आइए। गवाही दीजिए," ते म्हणाले. "ये देखिए, इसमें मैं जीता हूँ। उसका राजा कोने में फँसा है। और वो सारी ज़िंदगी कहता रहा कि बाज़ी बराबर छूटी।"

"रोज देखते हैं क्या?"

"रोज। पहले रोज झगड़ा होता था, अब सबूत देखता हूँ।" त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "उसने अपने ही ख़िलाफ़ सबूत रखे, भाभीजी। ऐसा खिलाड़ी कहाँ मिलेगा।"

मी त्यांना सगळं सांगितलं, मुलांचे प्रश्न, फुगलेला फोन, रोज परत येणारे नळ. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक लहानसं चिन्ह गोल गोल फिरत होतं, अगदी मन लावून. तिथे तुम्हीच ठरवून ठेवलं होतं: इथे जे आहे ते क्लाउडवर नसेल तर पुन्हा पाठवावं. माथुरजी लॅपटॉप उघडायचे आपली जिंकलेली बाजी बघायला, आणि तुमचं चिन्ह इमानेइतबारे माझी दिवसभराची मेहनत पुसायचं. मला हसू आलं. त्यांच्या टेबलाशी बसून मी इतकी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला. माथुरजी घाबरले. "सब डिलीट कर दीजिए," ते घाईघाईने म्हणाले. "बच्चों की चीज़ पहले। मेरा क्या है।" पण हात त्यांनी लॅपटॉपवरून उचलला नव्हता.

मी एकेक अक्षर वाचून लॅपटॉप खात्यातून बाहेर काढला. यंत्राने विचारलं, या संगणकावरच्या फाइली ठेवायच्या की काढायच्या. मी 'ठेवायच्या' दाबलं. म्हणजे सगळे नळ, सगळी वांगी आणि तुमच्या सगळ्या हरलेल्या बाज्या भिंतीपलीकडे सुखरूप आहेत. उद्या क्लेम आलाच तर तिकडे पाठवीन.

घरी येऊन पदर खोचला आणि तुमच्या क्लाउडच्या खोलीची झाडलोट सुरू केली. पण एक गोष्ट घडली. नळाचे चार फोटो पुसले आणि पाचव्यावर बोट थांबलं. जवळून काढलेल्या चारांत नुसता नळ होता. लांबून काढलेल्यात आपलं घर होतं. दारात तीन वर्षांची रेवा, एका पायात माझी चप्पल. मागे दोरीवर तुमचा कार्यालयाचा शर्ट. मी खाली बसून पापड पसरते आहे, केस काळे. फ्रिजच्या पाचव्या फोटोत तुमची आई पाटावर बसून त्या फ्रिजकडे संशयाने बघते आहे. वांग्यांच्या पाचव्या फोटोत निखिल ऑफिसचं काम करायचं सोडून पतंगाला मांजा बांधतो आहे. तुम्हाला यातलं काही काढायचं नव्हतं, जागा ओळखू यावी एवढंच हवं होतं. मला जागा ओळखू आली. इतकी वर्षं तुमच्याशी भांडताना मी एकदाही पाचवा फोटो नीट पाहिला नव्हता, आणि तुम्हीही कधी म्हणाला नाहीत की हा बघ.

तेव्हा नियम केला. जवळचे चार जातील, लांबचा राहील. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हा तह झाला. मुळीच नाही. पाचांत एक ठेवा, हेच मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. कोणता ठेवायचा एवढंच तुमच्याकडून शिकले.

ट्रॅश रिकामी केली. खोलीत जागा किती उरली ते दाखवणारी लाल पट्टी हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन पंख्याखाली पाटावर ठेवला आणि मी शेजारी खुर्ची घेऊन बसले. पहिलं उत्तर चढायला लागलं. फोन बंद पडला, मी चालू केला. चढलं. दुसरं. पुन्हा मान टाकली, पुन्हा उठवला. शेवटच्या आठवड्यांत तुम्हाला पाणी पाजायचे तसं, थोडं थोडं, घाई न करता. दुपारी जेवले नाही. उन्हं उतरली तेव्हा शेवटच्या उत्तरासमोरची 'प्रतीक्षेत' ही अक्षरं गेली आणि तिथे एक लहानशी बरोबरची खूण आली. इतकी सुंदर खूण मी कुठल्या प्रगतिपुस्तकावर पाहिली नव्हती.

तिकडून फोन आला. रेवाने लावला होता, पण ईशानने तो तिच्या हातातून ओढून घेतला. ईशानच म्हणाला, "आजी, आले. सगळे आले."

माथुरजींची चहाची वेळ झाली आणि मी खोली उघडली. नळ नाहीत. आज सकाळी पुन्हा पाहिलं. नाहीत.

आत्ता दुपारी सगळे एकत्र बसून पाहिलं. मी आणि माथुरजी इथे टीव्हीसमोर, निखिल, सूनबाई आणि मुलं तिकडे पडद्यावर, त्यांची झोपायची वेळ असून जागी. रेवाच्या प्रश्नाचं उत्तर लावलं, सगळ्यात छान जेवण कुठे जेवलात. तुम्ही खिडकीशी बसलेले, शाल घेतलेले, आवाज बारीक झालेला. बाडमेरच्या रस्त्यावर पुराची पाहणी करायला गेला होता, जीप वाळूत रुतली, दिवसभर पोटात काही नाही. जीपच्या ड्रायव्हरने फडक्यातून आपली बाजरीची रोटी काढली, लसणाची चटणी काढली आणि मोठी अर्धी तुम्हाला दिली. "त्याचं नाव," तुम्ही म्हणालात आणि थांबलात. डोळे मिटलेत. किती वेळ तसेच. दम लागला होता की नाव आठवत नव्हतं, कळेना. मग तुम्ही मान वळवलीत आणि हाक मारलीत, "अगं, त्या जीपवाल्याचं नाव काय गं?"

"लादूराम," मी म्हणाले.

मी इथून म्हणाले, खुर्चीतून. व्हिडिओतल्या स्वयंपाकघरातून माझा आवाज नंतर आला, कुकरच्या शिट्टीमागून, "लादूराम." तेव्हा मला ठाऊकही नव्हतं की मी कुणाच्या उत्तरात बोलते आहे.

तुम्ही कॅमेऱ्याकडे वळलात आणि हसलात. "लादूराम. बघा, हिचं नेहमी बरोबर असतं. तिला सांगू नका."

तिकडे निखिल टाळ्या वाजवायला लागला. माथुरजींनी टेबलावर थाप मारली, "क़बूल किया। भाभीजी, आदमी ने क़बूल किया।"

"आजी, परत लाव," ईशान म्हणाला.

मी परत लावलं. तुम्ही पुन्हा कबूल केलंत.